मुंबईच्या खडकाळ किनाऱ्याची नोंद: ओहोटीच्या दोन तासांत करायचं काम

मुंबईचा समुद्र म्हणजे गाळ, प्लास्टिक आणि सांडपाणी, असं आपण इतक्या वेळा बोलून झालंय की त्यात कोणी राहत असेल हेच डोक्यातून गेलं आहे. प्रत्यक्षात हाजी अली, मलबार हिलच्या पायथ्याचे खडक, वांद्र्याचं बँडस्टँड, कार्टर रोड इथे पाणी उतरलं की प्रवाळ, समुद्रफुलं, स्पंज, ऑक्टोपस, कवच नसलेल्या समुद्री गोगलगाई असा सगळा पसारा उघडा पडतो. २०१७ साली सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाच्या किनारा-फेऱ्यांमुळे बऱ्याच मुंबईकरांनी तो पहिल्यांदा पाहिला. तुम्ही अशा फेरीला जाऊन आला असाल, चार फोटो काढले असतील आणि आता पुढे काय, असं वाटत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

फोटो एवढंच सांगतो की अमुक जीव अमुक दिवशी इथे होता. संवर्धनाला लागणारी माहिती वेगळी असते: किती होता, खडकाच्या कोणत्या पट्ट्यात होता, आणि वर्षभराने त्याच जागी किती उरला. उद्या तिथे भिंत, जेट्टी किंवा रस्ता यायचा झाला आणि ‘या भागात उल्लेखनीय जीवसृष्टी नाही’ असं वाक्य एखाद्या अहवालात जाऊन बसलं, तर त्याला सुंदर फोटोंनी उत्तर देता येत नाही. एकाच जागी, एकाच पद्धतीने, महिन्यामागून महिना घेतलेल्या आकड्यांनी देता येतं. त्याला पीएचडी लागत नाही. एक चौकट, एक मापफीत, तीन माणसं आणि चिकाटी लागते. चारांपैकी शेवटची गोष्ट बाजारात मिळत नाही.

जागा निवडा, आणि मग ती बदलू नका

सुरुवातीला सगळ्यांना सगळा किनारा हवा असतो. तसं करू नका. आपल्या घरापासून तासाभरात पोचता येईल असा एकच खडकाळ तुकडा घ्या, साधारण तीस मीटर रुंदीचा. पोचायला त्रास होणारी जागा कितीही देखणी असली तरी चौथ्या महिन्यात सुटते.

निवडण्याआधी दोनदा नुसतं फिरून या, एकदा ओहोटीला आणि एकदा भरतीला. भरतीची फेरी लोक टाळतात, पण परतीची वाट पाणी कुठून अडवतं हे तेव्हाच कळतं. मधला खडक उंच आणि त्याच्यामागे खोलगट पन्हळ, अशी रचना मुंबईत बऱ्याच ठिकाणी आहे. तुम्ही खडकावर कोरडे उभे असता आणि पाठीमागे गुडघाभर पाणी शिरलेलं असतं. शिवाय किनारा रस्ता (कोस्टल रोड) झाल्यापासून वरळी ते हाजी अली हा पट्टा पूर्वीसारखा राहिलेला नाही, त्यामुळे जुन्या आठवणींवर विसंबून तिथे जाऊ नका. नौदल आणि बंदराच्या हद्दीतले किनारे यादीतून सरळ काढून टाका. ड्रोनही नको, मुंबईत तो उडवायला पोलिसांची परवानगी लागते आणि या कामाला त्याची गरज नाही.

तुकडा ठरला की हलणार नाही अशी एक खूण धरा: पायऱ्यांचा कोपरा, गटाराच्या तोंडाची भिंत, कठड्यावरचा खांब. तिथून मापफीत किनाऱ्याला काटकोनात, पाण्याकडे सरळ सोडायची. दर वेळी तीच खूण आणि तीच दिशा. मोबाइलचं जीपीएस चार-पाच मीटर सहज इकडेतिकडे होतं, म्हणून खुणेचा फोटो आणि हाताने काढलेला नकाशा दोन्ही ठेवा. खडकावर रंगाने खुणा करू नका.

वेळ: तिथी बघा, मग तक्ता बघा

मुंबईत दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे ना धड चढत ना धड उतरत. आपलं काम उधाणाच्या ओहोटीचं.

कोळीवाड्यात आणि कोकणात चालत आलेला हिशोब आजही कामाचा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार; पावणेचारच्या सुमारास भरती, त्याच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, आकडा प्रतिपदेपासून मोजायचा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण महिनाभराची आखणी कॅलेंडरवरून चहा पिता पिता होते. नेमका आकडा मात्र तक्त्यातूनच घ्यायचा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो आणि त्यात मुंबईचं बंदर असतं. तक्त्यात ओहोटीची उंची १ मीटरच्या खाली असेल तरच निघा. अर्ध्या मीटरच्या खाली असेल तर रजा टाकून निघा.

आता एक बारकावा. अमावस्येला किंवा पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे अंधार, आणि संध्याकाळी काम चालू असतानाच अंधार पडतो. पण सर्वांत मोठं उधाण नेमकं अमावस्येला न येता एक-दोन दिवस मागून येतं. त्यामुळे द्वितीया-तृतीया साधली तर पाणी चांगलं उतरलेलं असतं आणि ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास, लख्ख उजेडात मिळते. नोकरीवर जाणाऱ्यांनी तर हेच दिवस धरावेत.

जून ते सप्टेंबर खडकांवर काम बंद. लाटांचा जोर आणि शेवाळ यांपुढे कसलीही हुशारी चालत नाही. बाकीच्या महिन्यांतही निघण्याआधी इन्कॉइस या हैदराबादच्या केंद्र सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघा. आकाश निरभ्र असतानाही दुरून आलेल्या मोठ्या लाटा किनाऱ्यावर आदळू शकतात, आणि तो इशारा तिथे आधी मिळतो.

सामान

यादी छोटी आहे. पन्नास सेंटिमीटर बाजूची चौकट, तीस मीटरची मापफीत, प्लास्टिकची पट्टी, पेन्सिली, लिहायला पाटी, मोबाइल आणि त्याला पाण्यापासून वाचवणारी पिशवी, प्यायचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी.

चौकट घरीच करा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे, चार एल्बो (कोपऱ्याचे जोड). आतलं माप पन्नास बाय पन्नास भरलं पाहिजे, म्हणून एल्बो बसवून मगच तुकडे कापा. पाइपला थोड्या थोड्या अंतरावर भोकं पाडा, नाहीतर चौकट डबक्यात तरंगत बसते. मग दर दहा सेंटिमीटरवर आडवी-उभी नायलॉनची दोरी ओवा. दोन्ही बाजूंनी चार-चार दोऱ्या झाल्या की आत पंचवीस घरं तयार होतात. प्रत्येक घर म्हणजे चौकटीचा ४ टक्के भाग. पुढचं सगळं गणित याच चारावर चालतं. दोरी जाळ्याचं सामान विकणाऱ्या दुकानातून घ्या. शिंप्याकडची दोरी खाऱ्या पाण्यात कुजते.

कागद भिजतो, शाई पसरते. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने लिहिलेलं ओलं झालं तरी टिकतं. नोंदीचा तक्ता आधी आखून त्याचे तुकडे पाटीला चिमट्याने लावून न्या.

पायात जुने, पकड असलेले बंद बूट आणि मोजे. चप्पल चालणार नाही, सँडल चालणार नाही. गमबुटात पाणी भरलं की पाय उचलत नाही. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, आणि आपल्या समुद्रात सांडपाणी मिसळलेलं असल्यामुळे छोटी जखमही चिघळते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून बघा.

खडकावर: खालून वर या

तिघं जा. एक मोजतो, एक लिहितो, एक पाण्यावर लक्ष ठेवतो. तिसऱ्याला दुसरं काम देऊ नका. त्यालाही फोटो काढायचे असतात, पण त्याने हात खिशातच ठेवावेत.

सगळ्यांची पहिली चूक म्हणजे किनाऱ्यापासून सुरुवात करून पाण्याकडे जाणं. त्यात अर्धा वेळ कोरड्या खडकावर जातो आणि सर्वांत भरलेल्या पट्ट्यात पोचेपर्यंत पाणी फिरलेलं असतं. उलटं करा. ओहोटीच्या पाऊण तास आधी सर्वांत खालच्या पट्ट्याशी या, तिथलं काम ओहोटीच्या वेळेपर्यंत उरका, आणि मग पाणी मागे लागलं तसे वर सरकत या. म्हणजे काम आणि परतीची वाट एकाच दिशेला राहते.

पाणी किती वेगाने चढतं याचा साधा हिशोब असा. सहा तासांचे सहा भाग करा. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. उधाणाला मुंबईत चार मीटरचा फरक सहज असतो. म्हणजे पहिल्या तासात फूटभर पाणी चढतं आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात तेच पाणी एक मीटर चढतं. ओहोटीनंतर सव्वा-दीड तासाने सगळे कठड्यावर हवेत. एखादं मोजमाप राहिलं तर राहिलं.

प्रत्येक पट्ट्यात पाच चौकटी, असे तीन पट्टे, एकूण पंधरा. एका चौकटीला सवय झाल्यावर पाच-सहा मिनिटं लागतात, म्हणजे काम दीड तासात बसतं.

पट्टे ओळखायचे कसे? सर्वांत वर, जिथे फक्त उधाणाची भरती किंवा तुषार पोचतात, तिथे खडक जवळपास उघडा दिसतो. बारीक शंख आणि बार्नेकलचे, म्हणजे खडकाला कायमच्या चिकटलेल्या कवचवाल्या जीवांचे, पांढरे ठिपके असतात. मधल्या पट्ट्यात कालवांची खरबरीत चादर आणि भेगांमध्ये गर्दी करून बसलेले काळपट गोल नेरिटा शंख. खालच्या पट्ट्यात शैवाल, स्पंज, समुद्रफुलं, आणि झोअँथिडच्या वसाहती. हाजी अलीच्या बाजूचे खडक नीट पाहिले असतील तर हे झोअँथिड तुम्ही पाहिलेले आहेत: हिरवट-तपकिरी, शर्टाच्या बटणाएवढ्या तोंडांची एकाला एक चिकटलेली गादी. पाण्याखाली ती तोंडं उघडी असतात, कडेला आखूड स्पर्शिकांची झालर दिसते. पाणी गेलं की प्रत्येक तोंड आवळून घेतं आणि सगळी वसाहत ओल्या रबरासारखी चकाकते. लोक शेवाळ समजून त्यावरून चालत जातात. प्रवाळांचा हा जवळचा नातेवाईक, पण चुन्याचा सांगाडा न बांधणारा.

चौकट कुठे ठेवायची हे तुम्ही ठरवायचं नाही. डोळा नेहमी देखण्या जागेकडे जातो, आणि मग आकडे किनाऱ्याचे न राहता तुमच्या आवडीचे होतात. खिशातली नोट काढा, क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे बघा. ४७ असेल तर पट्ट्याच्या कडेपासून ४ मीटर ७० सेंटिमीटरवर चौकट. दुसऱ्या चौकटीला दुसरी नोट. जागेवर नुसता उघडा खडक आला तरी तिथेच ठेवायची. ‘काही नाही’ हीसुद्धा नोंद आहे, आणि तक्त्यात ती शून्य म्हणून लिहायची. रिकामं घर सोडलंत तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही की तिथे जीव नव्हता की मोजायचा राहिला.

आधी चौकटीचा नेमका वरून एक फोटो, आपली सावली पडू न देता. मग मोजणी. वसाहत करून पसरणारे जीव, म्हणजे झोअँथिड, स्पंज, शैवाल, प्रवाळ, टक्क्यात मोजायचे. सात घरं पूर्ण भरली आणि तीन अर्धी, तर सात चोक अठ्ठावीस अधिक तीन दुणे सहा, एकूण ३४ टक्के. सुटे जीव, म्हणजे शंख, खेकडे, समुद्रफुलं, नगात मोजायचे. बार्नेकल शेकड्यांनी असतील तर पाच घरं मोजून पाचाने गुणा, आणि तसं केल्याचं शेऱ्यात लिहा.

नाव येत नसेल तर ओढूनताणून प्रजाती लिहू नका. ‘समुद्रफूल, तपकिरी, पट्टेदार’ हे लिहिलेलं ठीक. चुकीचं शास्त्रीय नाव एकदा तक्त्यात शिरलं की ते काढता काढता नाकी नऊ येतात.

हात कुठे घालायचा नाही

दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा. दगडाखालचे जीव सावलीचे आणि ओलाव्याचे. उलटा टाकलेला दगड तासाभरात त्यांचं वाळवण करतो. रिकामे शंखही उचलू नका. शंखातल्या खेकड्यांना तीच घरं लागतात, आणि घर मिळालं नाही की ते बाटलीच्या झाकणात शिरतात.

काही गोष्टी कचरा वाटतात आणि नसतात. वाळूत अर्धवट रुतलेला, वाटीची कड तोडल्यासारखा राखाडी पट्टा दिसला तर तो एका शंखाने वाळू आणि चिकटा मिसळून केलेला अंड्यांचा कॉलर असतो. शिंपल्यांचे तुकडे, काड्या, अगदी दोऱ्याचे धागेही चिकटवलेली उभी नळी दिसली तर आत नळी बांधणारा किडा आहे. किनारा-सफाईच्या उत्साहात या दोन्ही गोष्टी पोत्यात जातात. सफाई करणाऱ्या गटांना हे दोन फोटो आधी दाखवून ठेवा.

शंकूच्या आकाराचा, नक्षीदार जिवंत शंख अजिबात हातात घेऊ नका; त्याच्याकडे विषारी भाला असतो. समुद्री साप दिसला तर लांबून फोटो आणि पुढे चला. वाळूच्या भागात पाय उचलून न टाकता घसटत चाला, म्हणजे पाखट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, आधीच निघून जातं. २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पाखटांनी बऱ्याच लोकांना दंश केले होते. पाखटाचा काटा लागला तर जखम सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात धरा आणि दवाखाना गाठा. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणाऱ्या निळ्या फुग्यासारख्या जीवाच्या तंतूंचा दंश झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिमट्याने तंतू काढा, वाळू किंवा रुमालाने चोळू नका. तो किनाऱ्यावर मेलेला दिसला तरी तंतू डसतात.

कायद्याची बाजूही माहीत हवी. खडकावर बसून वाढणारी दगडी प्रवाळं, सगळी समुद्री कासवं, डॉल्फिन, देवमासे, समुद्री घोडे हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. प्रवाळाचा छोटा तुकडा ‘ओळखायला’ म्हणून घरी आणणं हाही गुन्हाच. मुंबईत प्रवाळ आहेत याला सरकारदरबारीही मान्यता आहे: २०२० साली किनारा रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली इथल्या वसाहती परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या.

किनाऱ्यावरची माणसं

ओहोटीला तुम्ही एकटे नसता. कालवं फोडणाऱ्या, शिवल्या वेचणाऱ्या बायका तुमच्या आधी आलेल्या असतात आणि त्यांचं पोट त्यावर असतं. आधी त्यांना सांगा, मावशी, आम्ही फक्त मोजतोय, काही नेत नाही. पहिल्या भेटीत संशय असतोच. मापफीत घेऊन आलेला माणूस म्हणजे जागा गेली, हा अनुभव त्यांनी घेतलेला आहे. त्यांच्या वाटेत आडवी फीत टाकू नका, त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

आणि विचारा. कालवं पूर्वी कुठपर्यंत होती, कोणत्या वर्षी पातळ झाली, निवटी (चिखलात उड्या मारणारा मासा) हल्ली कोणत्या खाडीत मिळते, जाळ्यात मुशी (छोटा शार्क) कधी येते. डोल (प्रवाहात लावायचं पिशवीसारखं जाळं) लावणाऱ्या एखाद्या तांडेलाकडून, म्हणजे होडीच्या म्होरक्याकडून, मिळणारी माहिती तुमच्या पंधरा चौकटींत बसत नाही, म्हणून तिला वेगळी वही करा. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, स्वतः पाहिलेलं की ऐकलेलं, हे लिहा. नाव टाकायचं तर त्यांना विचारून.

त्यांच्या उपयोगाची एक गोष्ट तुम्ही सांगू शकता. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्कसारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर राज्य सरकारच्या योजनेत २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना २०१८ पासून आहे. सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. अर्ज भरून द्यायला मदत केलीत तर पुढच्या वेळी तुम्हाला हाक मारून बोलावलं जाईल.

कासव किंवा डॉल्फिन वाहून आलं तर

महिन्यातून एकदा किनाऱ्यावर जाणाऱ्याला हे कधी ना कधी दिसणारच. पहिला फोन वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर. जागा नीट सांगा: ‘जुहूला’ नव्हे, कोणत्या रस्त्याच्या तोंडाशी, कोणत्या इमारतीसमोर.

जिवंत कासव परत पाण्यात ढकलू नका. ज्या कासवाने किनारा गाठला ते बहुधा आजारी, जखमी किंवा थकलेलं असतं, आणि पाण्यात ते बुडूही शकतं. सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. पंख धरून ओढू नका. डॉल्फिनच्या बाबतीत डोक्यावरचं श्वासाचं छिद्र सांभाळायचं. पाणी ओतताना तिथे थेंबही जाता कामा नये. शेपटी धरून ओढणं सर्वांत वाईट. गर्दी पंधरा पावलं मागे ठेवणं, हे त्या वेळी तुमच्या हातून होण्यासारखं सर्वांत मोठं काम.

मेलेला जीव असेल तरी नोंद घ्याच. २०१६ च्या जानेवारीत जुहूला मोठा देवमासा लागला तेव्हा बातमी सगळीकडे झाली, पण आपल्या किनाऱ्यावर लागणाऱ्या कुबडवाल्या डॉल्फिनची आणि पाठीला पंख नसणाऱ्या, डॉल्फिनसारख्याच छोट्या पॉरपॉइजची दखल सकाळच्या सफाईबरोबर वाहून जाते. हात न लावता चार फोटो: पूर्ण अंग बाजूने, डोकं, पाठ, पोटाची बाजू दिसत असेल तर तीही. जवळ पट्टी ठेवा. कासवाच्या पाठीची लांबी शिंप्याच्या टेपने वळणावरून. डॉल्फिनची तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत. जाळ्याचे वळ, दोरी, पात्याने कापल्यासारख्या जखमा दिसल्या तर त्यांचे जवळून फोटो. ताजं, फुगलेलं, कातडी सुटलेलं की नुसता सांगाडा, हेही लिहा. मृत्यू किती जुना याचा अंदाज त्यावरून बांधतात.

कासवाच्या विणीची खूण किंवा पिल्लं दिसली तर जागा समाजमाध्यमावर टाकू नका. २०१८ च्या मार्चमध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली होती, म्हणजे मुंबईत हे अशक्य नाही. कुत्रे आणि दिव्यांचा उजेड हे पिल्लांचे शत्रू, तिसरा शत्रू सेल्फी. आधी वनविभाग, बाकी सगळं मागून.

घरी आल्यावर, त्याच दिवशी

बूट धुण्याआधी तक्त्यांचे फोटो काढून ठेवा. मग संगणकावर भरा. एक ओळ म्हणजे एका चौकटीतला एक जीव. तारीख, जागा, पट्टा, चौकट क्रमांक, जीव, संख्या किंवा टक्के, मोजणाऱ्याचं नाव, ओहोटीची वेळ आणि उंची, शेरा. रंगीत रकाने, एकत्र केलेली घरं असली सजावट नको. शेऱ्यात खरं लिहा: ‘पाऊस आला, वरच्या पट्ट्यात दोनच चौकटी’. न घेतलेल्या तीन चौकटी अंदाजाने भरून काढण्याचा मोह होतो. भरू नका.

सुटे फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर, चढवा. तिथे एका जीवाची एक नोंद, वेगवेगळ्या कोनांतून दोन-तीन फोटो, तारीख आणि जागा. निदान दोघांचं एकमत झालं आणि सहमती दोन-तृतीयांशांहून जास्त असली की नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते आणि जगभरच्या अभ्यासकांना वापरता येते. प्रवाळांसारख्या नाजूक नोंदींचं नेमकं ठिकाण झाकायची सोय तिथे आहे, ती वापरा.

वर्षभराने या वहीचं काय करायचं

सहा-आठ फेऱ्या झाल्या की साधा आलेख काढा: आडवे महिने, उभे खालच्या पट्ट्यातल्या झोअँथिडचे टक्के. एका महिन्याच्या घसरणीवरून आरडाओरडा करू नका. पावसाळ्यानंतर हिरवं शैवाल भराभर वाढतं, उन्हाळ्यात वरचा पट्टा करपतो. हे दरवर्षीचं आहे. म्हणून तुलना नोव्हेंबरची नोव्हेंबरशी. दोन वर्षांआधी ठाम बोलायला आकडे पुरत नाहीत, आणि हे ऐकून निम्मे लोक गळतात. उरलेल्या निम्म्यांसाठी पुढचं.

वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्र मुंबईत आहे, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तर १८८३ पासून आहे. राज्याच्या वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो. यांच्याकडे जाताना ‘समुद्र वाचवा’ असं पत्र नेऊ नका. तुमचा तक्ता, नकाशा आणि मोजायची पद्धत एका पानावर लिहून न्या. पद्धत चुकीची असेल तर ते तिथेच सांगतील, आणि पहिल्याच वर्षी कळलेलं बरं.

जैविक विविधता अधिनियम २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने लोकांच्या सहभागातून जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. महापालिकेच्या जैवविविधता समितीला आपल्या वॉर्डातल्या किनाऱ्याची यादी लेखी द्या आणि पोच घ्या. तसंच किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत प्रवाळ, कांदळवन, कासवांच्या विणीच्या जागा यांना सर्वांत कडक संरक्षण आहे. एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली तर हरकत लिहिताना भावनेची दोन वाक्यं पुरेत. बाकी जागा तारीख, पट्टा, चौकट आणि टक्क्यांना द्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये किनारा रस्त्याची परवानगी रद्द केली आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. कोर्टात बाजू कुठेही फिरते, पण कागदावर नसलेल्या गोष्टीवर वाद घालता येत नाही.

शेवटी कारकुनी सूचना दोन. मूळ तक्ते दोन घरांत ठेवा आणि संगणकातली फाइल निदान एका बाहेरच्या माणसाकडे असू द्या. आणि माणसं बदलली, चौकट मोडून नवी केली, खुणेचा खांब पालिकेने उपटला, काहीही बदललं, तरी ते कोणत्या तारखेला बदललं हे त्याच दिवशीच्या तक्त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. गटातली माणसं बदलत राहतात, आणि नवीन येणाऱ्याने तुम्हाला फोन न करता पुढची चौकट टाकली पाहिजे.